भुईगावच्या मार्थाचा डावा डोळा

मित्रांनो, मी मार्थाचा जुना चष्मा. काचेवर ओरखडे आहेत, एक दांडी सैल आहे. राग मात्र अजून गेलेला नाही.

दहा वर्षांपूर्वी माणिकपूरच्या एका दुकानात माझ्या काचा बसवल्या. भुईगावची मार्था तेव्हा सहा वर्षांची होती. तिचा उजवा डोळा चांगला होता. डाव्याचा नंबर मोठा, त्यातून सगळं अंधूक दिसे, म्हणून मेंदूने त्या डोळ्याचं ऐकणंच सोडलं होतं; याला आळशी डोळा म्हणतात. डॉक्टरांनी उजव्या डोळ्यावर रोज चार तास पट्टी चिकटवायला सांगितली. म्हणाले, "डाव्याला काम द्या, तो शिकेल. पण लहान आहे तोवरच चांगलं शिकेल."

पट्टीवर मी बसायचो. पहिल्या दिवशी मार्था दाराच्या चौकटीला धडकली. तरीही रडतरडत चित्रं रंगवली. दोन महिन्यांत तिला डॉक्टरांकडच्या अक्षरांच्या तक्त्यावरच्या दोन ओळी जास्त दिसू लागल्या. डॉक्टरांनी शाबासकी दिली.

मग घरात लग्न निघालं.

"फोटोत पोरगी काणी दिसेल, काढा ती पट्टी आणि चष्मा," कॅथरीन आत्या म्हणाली. "डोळा आळशीच आहे ना? मोठी झाली की होईल बरा."

मार्थाचे पप्पा, युजीन, यांनी पट्टी सोलली आणि मला उतरवलं. मी खणात गेलो. लग्न उरकलं, तरी मी खणातच. आठ महिने. डोळ्याला आळशी म्हणणाऱ्यांना एक खण उघडायचा कंटाळा होता!

शेवटी शाळेत शकू टीचरने सगळ्या मुलांना एकेक डोळा झाकून फळा वाचायला लावला. मार्थाने उजवा झाकला आणि म्हणाली, "टीचर, फळ्यावर काहीच नाहीये."

टीचर संध्याकाळी घरी आल्या. त्यांनी सांगितलं ते ऐकून युजीनने स्वतः मला बाहेर काढलं.

"चूक माझी आहे," ते मार्थाला म्हणाले.

"मग पट्टी तुम्हीच लावायची. रोज."

दीड वर्ष त्यांनी लावली. नजर बरीच परत आली. तक्त्याच्या शेवटच्या दोन ओळी मात्र आल्या नाहीत. आता ती सोळा वर्षांची आहे, आणि सुईत दोरा ओवताना अजून चुकते.

मित्रांनो, धाकट्या भावंडांना शाळेत घालण्याआधीच त्यांचे डोळे तपासायला सांगा. दोन्ही, वेगवेगळे. पट्टी लावलेल्या मुलाला हसू नका. आणि कुणी मोठं माणूस ती काढायला आलं, तर विचारा, "डॉक्टरांनी सांगितलंय का?" त्यांना राग आला तर येऊ द्या.