शनिवारचे जहाज

“तारीख पुढं ढकलता येती का, तेवढं सांगा,” शिवानंदने तिसऱ्यांदा विचारले.

सात रस्त्याजवळच्या त्या प्रवास कचेरीत टेबलापलीकडे बसलेल्या राजश्रीने तिसऱ्यांदाही हसूनच उत्तर दिले. “येते की, काका. फ्लेक्सिबल तिकीट घ्या, मग हवी तेव्हा बदला. पण आधी जहाज तर बघा!”

“मी बघतीय की,” सिद्धेश्वरी म्हणाली. “ह्यांचं सोडा. लग्नाची तारीख काढतानाबी ह्यांनी एवढ्या चौकशा केल्या न्हवत्या.”

पेनस्टँडला टेकवून ठेवलेल्या फोनमधून त्यांचा मुलगा अनिलकुमार पुण्याहून हसला. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात माग दुरुस्त करण्यात उभी हयात घालवून शिवानंद गेल्या महिन्यात निवृत्त झाला होता. मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीप करून परतणारी ही जहाजाची सहल त्याला मुलाने देऊ केली होती. जहाज आणि तारीख तेवढी दोघांनी निवडायची होती.

“जेवायची ठराविक वेळ नाही,” राजश्री सांगू लागली. “भूक लागली की जायचं. रोज संध्याकाळी काही ना काही असतंच. गाणी, नाटक, जादूचे प्रयोग. आणि काहीच करावंसं वाटलं नाही, तर वरती खुर्ची टाकून समुद्र बघत बसायचं. कुणी उठवणार नाही.”

“कुणीच उठवणार न्हाय?” सिद्धेश्वरीने खात्री करून घेतली. “म्हंजे पाळीचा भोंगा न्हाय म्हणा की. अन् भाकरी?”

“भाकरीचं विचारून सांगते, काकू. शाकाहारी जेवण मात्र वेगळं असतं.”

“नसंल तर नसू दे. कडक भाकरी अन् शेंगाची चटणी न्हेते बांधून. जादूवाल्यालाबी देते थोडी. बघू गायब करतोय का.”

राजश्री मनापासून हसली. शिवानंदलाही हसावे लागले. हसताना त्याचे लक्ष बायकोच्या उजव्या हाताकडे होते. तो हात पदराखाली, बरगडीच्या खाली, दाबून धरलेला होता.

सकाळी डॉक्टरांचा फोन आला, तेव्हा तो अंगणात तोंड धूत होता. सिद्धेश्वरीच्या तपासणीचा निकाल त्यांनी न घोळवता सांगितला. गाठ कर्करोगाची होती आणि यकृतापर्यंत पसरली होती. सोमवारी दाखल करा, उपचारांनी काही काळ आटोक्यात राहील, बरी होणार नाही. चार-पाच दिवसांनी फरक पडेल का, असे शिवानंदने विचारले. तेवढ्याने नाही पडणार, ते म्हणाले, पण फार लांबवू नका. आणि त्यांच्यापासून लपवूही नका. काही काळ म्हणजे किती, या प्रश्नाला मात्र त्यांनी आकडा दिला नाही. ज्याचे मोजमाप नाही त्याचा आकडा न देणे हा प्रामाणिकपणाच होता. पण त्या प्रामाणिकपणाचा शिवानंदला काडीचा उपयोग नव्हता.

घरात येऊन त्याने बायकोला सांगितले, “साधी गाठ हाय. गोळ्यांनी जाईल.”

“बरं झालं,” असे म्हणून तिने त्याच्यापुढे चहा ठेवला होता.

आता त्याचा बेत असा होता : सोमवारी काहीतरी निमित्त काढून तिला दाखल करायचे, उपचार होऊ द्यायचे, आणि ती हिंडूफिरू लागली की जहाज. म्हणून तारीख पुढे ढकलता येणारी हवी होती. या बेतातली खोट त्यालाही दिसत होती. जी तारीख एकदा ढकलता येते ती कितीही वेळा ढकलता येते, आणि ढकलली जात आहे तोवर ती उजाडत नाही. पण खोट दिसली म्हणून हातातला दोर कुणी सोडत नाही.

“अप्पा,” फोनमधून अनिलकुमार म्हणाला, “फ्लेक्सिबलचं काय खूळ घेतलंय? ह्याच शनिवारी निघा की. तुम्हाला आता कुठली ड्युटी आहे?”

“तू गप रे,” शिवानंद नको तितक्या जोरात म्हणाला.

सिद्धेश्वरीने मान वळवून नवऱ्याकडे पाहिले. “का वो? पोराचं काय चुकलं? शनिवारी काय हाय तुमचं?”

“काय न्हाय. उगं घाई कशाला?”

“घाई? गोळ्यांनी जाईल म्हणत हुता की सकाळी. मग अडलंय कुटं?”  ती खुर्चीचा हात धरून उठली. “पाणी पिऊन येते.”

पाण्याचा जार समोरच्या भिंतीपाशी होता. ती तिथे पाठमोरी उभी राहिली. शिवानंदने फोन उचलला, छातीपाशी तिरका धरला आणि आवाज न काढता बोलू लागला.

मागांच्या शेडमध्ये खडखडाटापुढे आवाजाला किंमत नसते. तिथे माणसे ओठांनी बोलतात आणि डोळ्यांनी ऐकतात. लहानपणी डबा घेऊन येणारा अनिलकुमार ती भाषा तिथेच शिकला होता. सिद्धेश्वरीने तर त्याच शेडमध्ये वर्षानुवर्षे सुताच्या कांड्या भरल्या होत्या. पण ती पाठमोरी होती. शिवानंदने तेवढे पाहून घेतले होते.

गाठ वाईट हाय, त्याचे ओठ म्हणाले. पसरलीया. सोमवारी दाखल करायचंय. तुझ्या अव्वाला ठाव न्हाय. बोलू नगंस.

पडद्यावरचा मुलाचा चेहरा हलायचा थांबला. नेटवर्क अडकले असेल असे शिवानंदला वाटले. मग मुलाची पापणी लवली. शिवानंदने मान वर केली.

जाराच्या वर, भिंतीवर, काळ्या रात्रीच्या समुद्रात उजळलेल्या जहाजाचे मोठे चित्र काचेत मढवून लावले होते. त्या काळ्या समुद्रात त्याला सिद्धेश्वरीचे डोळे दिसले. काचेत आपल्याला ज्याचे डोळे दिसतात, त्याला आपणही दिसत असतो. या नियमाला अपवाद नाही. आरशात डावे-उजवे उलटते खरे, पण ओठ दोन्हीकडून सारखेच असतात.

ती सावकाश पाणी प्याली. पेला जारावर पालथा घातला. येऊन बसली.

“पोरी,” ती राजश्रीला म्हणाली, “शनिवारचं जहाज परत कवा येतंय?”

“बुधवारी, काकू. पण त्याची तारीख बदलत नाही हं. आणि रद्द केलं तर काहीच परत मिळत नाही.”

“बदलायची कुणाला हाय? तेच दे. खिडकीची खोली बघ.”

“अगं, पण सोमवारी...” शिवानंदच्या तोंडून निघून गेले आणि तिथेच अडकले.

 राजश्री संगणकाकडे वळली. सिद्धेश्वरीने खुर्ची नवऱ्याच्या दिशेने फिरवली आणि आवाज न काढता, शेडमध्ये बोलायची तशी, एकेक शब्द ओठांवर नीट मांडत बोलली.

सोमवार कुटं पळून जात न्हाय. आल्यावर जाऊ. चार दिसांनी काय हुतंय, इचारलं का डॉक्टरला?

त्याने मान हलवली. इचारलं.

मग?

काय हुत न्हाय म्हणाले.

मग झालं की.

“काकू, काही म्हणालात का?” राजश्रीने मागे न पाहताच विचारले.

“न्हाय ग. तुझं चालू दे.”

तेवढ्यात वीज गेली. पंखा थांबला, एसी थांबला, संगणक काळा पडला. “आत्ता येईल, मग खोली पक्की करू,” असे म्हणून राजश्री इन्व्हर्टर बघायला आत गेली. कचेरीत इतकी शांतता पसरली की रस्त्यावरच्या सायकलची घंटाही स्पष्ट ऐकू आली.

त्या शांततेत दोघे समोरासमोर बसून ओठांनी बोलत राहिले. मधे अजून सगळे माग चालू असावेत, तसे.