धुराड्यापुरतं भोक

मास्तरांनी चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, पण दुकान बंद केल्यावर त्यांनी जी सगळ्यांत मोठी वस्तू शिवली, ती अंगात घालायची नव्हती, आत जाऊन बसायची होती. जाड सुती कॅनव्हासचा तंबू. दहा फूट लांब, आठ फूट रुंद, मधोमध माणूस टोपीसकट उभा राहील एवढा उंच. मागणी जावयाची होती. जावई वेल्डर, बोलायला कंजूष, आणि कडाक्याच्या थंडीत रानात जाऊन झोपण्याचं वेड. "तुम्ही तंबू शिवा, मी आत ठेवायला लाकडावरची शेगडी करतो," एवढंच तो म्हणाला होता.

आता तळ्याकाठी तंबू उभा होता. आत पत्र्याची बंद शेगडी चार पायांवर ऐटीत उभी होती, तिचं धुराडं तीन तुकड्यांत बाहेर गवतावर पडलं होतं, आणि ते वर काढायला तंबूला भोक नव्हतं.

"भोक पाडायचं नाही," मास्तरांनी पोचल्या पोचल्या जाहीर केलं. "एवढं चांगलं कापड. धुराडं दारातून काढा."

लेक हसली. "बाबा, जन्मभर कापडाला कात्री लावण्याशिवाय दुसरं काय केलंत?"

"ते शिवण्याआधी. शिवल्यावर नाही."

उत्तर ऐकायला बरं होतं, म्हणून मास्तर ते दुपारपर्यंत वापरत राहिले. खरं कारण त्यांच्या कोटाच्या उजव्या खिशात होतं. गेली दोन वर्षं त्यांचा उजवा हात थरथरत होता. दुकान त्यांनी डोळे थकले म्हणून बंद केलं असं सगळ्यांना सांगितलं होतं, पण डोळे ठणठणीत होते. तळ्यापलीकडचा पक्षी त्यांना लेकीच्या आधी दिसला होता. मशीनवर कापड दाबून धरलं की थरथर कापडातच जिरते. कात्री मात्र हवेत धरावी लागते. तंबूचं सगळं कापड त्यांनी घरी दार लावून, टेबलावर मनगट टेकवून, चोरासारखं कापलं होतं. जावयासमोर तर ते चहाचा कपसुद्धा हातात घेत नसत. "ठेवा तिथं, गार होऊ दे," म्हणायचं आणि त्याची पाठ वळली की प्यायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची.

जावयानं वाद घातला नाही. हीच त्याची खोड होती. भांडणाऱ्या जावयाला उत्तर तरी देता येतं. त्यानं धुराडं आडवं करून दारातून बाहेर काढलं, खाली बेचक्याची काठी टेकवली आणि शेगडी पेटवली. पण आडवं जायला धुरानं साफ नकार दिला. तो आल्या वाटेनं परत फिरला, आणि तिघंही चार पायांवर रांगत बाहेर आले.

"दार सताड उघडं ठेवलं तर धूर होणार नाही," मास्तर डोळे पुसत म्हणाले.

"मग ऊबही राहणार नाही. बाहेर बसायला तंबू कशाला हवा होता?" लेक म्हणाली.

दुपार कलली. तळ्याच्या कडेला पाण्यावर पातळ बर्फ धरायला लागला. लेकीनं दोन स्वेटर घातले, वर घोंगडी ओढली आणि ती बोलायची थांबली. तिची आईही अशीच होती. ऊन लागलं की दहा वेळा सांगायची, थंडी वाजली की गप्प. पोरीची बोटं पांढरी पडली होती आणि बाप स्वतःचा हात खिशात ऊबदार ठेवून बसला होता. मास्तरांना स्वतःची लाज वाटली.

"खडू आहे का?" ते म्हणाले.

खडू जावयाच्या खिशात होता. कात्री अर्थातच मास्तरांच्या पिशवीत होती, तेल देऊन फडक्यात गुंडाळलेली. जावयानं एका बाजूचे दोर सैल केले, छताचा उतार छातीपर्यंत खाली आणला आणि कापडाखाली लाकडाचा एक रुंद ओंडका उभा करून ठेवला.

"इथं टेकवून कापा," तो म्हणाला आणि तळ्याकडे बघत राहिला.

"धुराड्याएवढंच कापतो. अगदी मापात बसेल."

"नको. तापलेला पत्रा टेकला की कापड पेटतं. चारी बाजूंनी चार-चार बोटं सोडा."

चार बोटं ढगळ असं काही मास्तरांनी आयुष्यात कुणाला शिवून दिलं नव्हतं. त्यांनी खडूनं गोल काढला आणि हात खिशातून बाहेर काढला. मनगट ओंडक्यावर टेकलं होतं तरी कात्री भरकटली. एका जागी ती खडूच्या रेघेबाहेर दोन बोटं गेली, मग घाबरून आत आली. उंदरानं कुरतडलेलं बरं, असं भोक झालं. मास्तर कात्री मिटून, मान खाली घालून उभे राहिले.

जावयानं पोत्यातून पत्र्याचे दोन चौकोन काढले. दोन्हींना मधोमध धुराड्याएवढं गोल भोक होतं. एक चौकोन आतून, एक बाहेरून, मध्ये कापड, आणि कडेनं आठ बोल्ट. पत्रे मास्तरांच्या भोकाहून चारी बाजूंना चांगले मोठे होते. सगळी वेडीवाकडी कड त्यांच्या पोटात गडप झाली.

"कड कुणाला दिसायची नाही," नट आवळता आवळता तो म्हणाला.

धुराडं ताठ उभं राहिलं. काटक्या पेटल्या, मग फोडलेली लाकडं, आणि धूर शहाण्यासारखा सरळ वर गेला. हवा खेळायला जावयानं दाराचा पडदा खालून आणि वरून थोडा उघडा ठेवला. बंद तंबूत विस्तव ठेवणं म्हणजे मरणाला आमंत्रण, असं तो म्हणाला, आणि हे त्याचं दिवसातलं सगळ्यांत लांब वाक्य होतं. हळूहळू कॅनव्हासनं ऊब धरली. लेकीनं घोंगडी काढली, एक स्वेटर काढला, आणि थोड्या वेळानं फार उकडतंय म्हणून तक्रार केली. ती तक्रार मास्तरांना फार गोड वाटली.

ते वरच्या पत्र्याकडे बघत होते. रंग जुना होता, कोपऱ्यावर थोडा गंज होता.

"हे पत्रे नवे दिसत नाहीत."

"ते होय? वर्षभर घरी पडून होते," लेक पाय शेकत म्हणाली. "तुम्ही तंबूचं कापड आणायच्याही आधी केलेत ह्यांनी. मी म्हटलं, धुराडं केवढं, पत्रे केवढे! तर म्हणाले, असू दे, मास्तरांना कापायला सोपं जाईल."

जावई शेगडीची झडप उगाच मागेपुढे करत होता.

मास्तर तंबूवरून नजर फिरवत राहिले. कॉलर नाही, बाह्या नाहीत, एकही काज नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळ्या लांब, सरळ शिवणी. सदरा मागितला असता तर त्यांना नाही म्हणावं लागलं असतं. ह्यानं तंबू मागितला. मास्तरांना राग यायला हवा होता, पण आला नाही. दोन वर्षांत वाटलं नव्हतं इतकं हलकं वाटलं.

शेगडीवरची किटली वाजायला लागली. जावयानं चहा गाळला, एक कप भरला आणि नेहमीसारखा मास्तरांच्या शेजारी खाली ठेवायला वाकला.

मास्तरांनी उजवा हात पुढे केला. तो थरथरत होता, त्यांनी थरथरू दिला.

"इकडे द्या. पण अर्धाच भरा, जावईबापू. हात हलतो माझा."

जावयानं अर्धा चहा किटलीत परत ओतला आणि कप त्यांच्या हातात दिला.

"मग दोनदा भरावा लागेल," तो म्हणाला.

"भरा की," मास्तर म्हणाले. "बसलोय मी."