पानथरीतला हिवाळा

“सरका की जरा! उजेड अडवू नका,” सोफ्रोनकाका ओरडले आणि अग्लायाताईंच्या अंगणातली गर्दी मागे सरली.

नाताळच्या तोंडावर डुक्कर कापलं की त्याची पानथरी, म्हणजे प्लीहा, हातात धरून येणारा हिवाळा कसा जाईल ते सांगायचं, ही आमच्या डॅन्यूबकाठची रीत. सांगायचा मान खाटकाचा, म्हणजे सोफ्रोनकाकांचा.

आज पानथरी हातात मावेना. काळीकुट्ट, फुगून टम्म.

“अगं आई गं!” काकांनी टोपी मागे सारली. “जन्मात असली पाहिली नाही. बर्फ छपरावर चढणार, बायांनो! लाकडं भरून ठेवा.”

“आणि नवरे?” एकीने विचारलं.

“तेही ठेवा. तेवढीच ऊब!”

अंगण हसलं. मी गावची गुरांची डॉक्टर. मी पुढे होऊन पानथरी दाबली. पिकून गळालेल्या आलुबुखारात जावा तसा अंगठा आत गेला. मूत्रपिंडांवर तिखट भुरभुरावं तसे लाल ठिपके, आतड्यांजवळच्या गाठी रक्ताने काळ्या. हे मी फक्त पुस्तकात वाचलं होतं. खरं सांगते, भीतीच्या आधी मी थक्क झाले. डोळ्यांना न दिसणारा विषाणू, आणि एवढं दांडगं जनावर त्याने आतून रक्ताने भरून टाकलं होतं!

“ताई, डुक्कर नीट खात होतं ना?”

“परवापासून तोंड लावलं नाही. कान निळे पडले. म्हटलं, थंडी बाधली.”

“काका, हा हिवाळा नाही. डुकरांचा आफ्रिकी ताप आहे. माणसांना धोका नाही, पण यावर औषधही नाही. जिथे पोचला तिथली सगळी डुकरं मारावी लागतात.”

काका हातातल्या सुरीकडे बघत राहिले.

“काल याच सुरीनं त्याचा कान चिरला मी,” ते हळूच म्हणाले. “वाईट रक्त जावं म्हणून. मग त्याच बुटांनी घरी गेलो, माझ्या डुकरिणीला खाणं घातलं. पिल्लं व्हायचीत तिला. सकाळी इलिंकाकडे कापायला गेलो, मग ट्रायानकडे.”

“मला त्या सगळ्या घरी जायला हवं, काका. तिथली डुकरंही मारावी लागतील.”

“तुम्हाला दार उघडणार नाहीत, डॉक्टरीणबाई. मी पुढे होतो.”

त्यांनी बूट माझ्या जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवले. इलिंकाने शिव्या दिल्या, ट्रायान रडला; काका मान खाली घालून उभे राहिले. शेवटी त्यांचं घर आलं. आतून डुकरिणीचं घुरघुरणं ऐकू येत होतं. काकांनी टोपी काढली आणि परक्या माणसासारखी स्वतःच्याच फाटकाची कडी वाजवली.