वेळापत्रकाबाहेरचे थांबे

मोठ्या आतड्याला सूज आली आणि ड्रायव्हरच्या हातातलं स्टिअरिंग गेलं, पेन्सिल आली. डेपोने त्याला खिडकीमागे बसवलं. गाडी सुटली की वेळ लिहायची, परतली की लिहायची. एकवीस वर्षं चालवलेल्या मार्गाचा तो आता नुसता आकडा लिहीत होता.

डॉक्टरीणबाईंची अट सरळ होती. गोळ्या चालू ठेवायच्या, पथ्य पाळायचं, आणि पोट सलग आठ आठवडे शांत राहिलं तर गाडी चालवायचा दाखला. खाल्लेलं आणि झालेलं रोज वहीत टिपायचं.

वही त्याने डेपोच्या पद्धतीने आखली. एका रकान्यात मऊ भात, उकडलेलं गाजर, साल काढून शिजवलेलं सफरचंद. दुसऱ्याला नाव दिलं, ‘वेळापत्रकाबाहेरचे थांबे’. संडासाच्या अशा अवेळी फेऱ्या सुरुवातीला दिवसाला नऊ होत्या.

“एवढे थांबे आपल्या गाडीलाही नाहीत, उस्ताद,” कंडक्टर म्हणाला.

हळूहळू तो रकाना कोरा राहू लागला, आणि बघता बघता सलग सात आठवडे कोरा राहिला. सव्वापाचची गाडी फाटकाबाहेर वळली की टेबलाखाली त्याचा डावा पाय क्लच दाबल्यासारखा खाली जाई. नवा ड्रायव्हर दुसरा गियर उशिरा टाकतो, हे आवाजावरून कळे आणि त्याचा जीव तुटे.

अशात मेहुणी बाटली घेऊन आली. “कोरफडीचा रस, भाऊजी. झाडपाल्याने अपाय कसला?”

“आधी डॉक्टरांना विचारू,” बायको म्हणाली.

“सगळं त्यांनाच विचारायचं तर आपलं डोकं काय टोपी घालायला?”

त्याने बायकोच्या म्हणण्याला मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी बाटली गुपचूप डब्याच्या पिशवीत टाकली. सहा दिवस उरले होते. शेवटच्या चढाला थोडा जोर लावावा, एवढाच हिशेब. सकाळी अर्धा पेला, दुपारी अर्धा. संध्याकाळपर्यंत सात थांबे झाले. शेवटच्या दोन वेळा रक्त.

घरी तो वही उघडून बसला.

“काय लिहिताय?” बायकोने विचारलं.

“काही नाही.”

“मग पेन्सिल का अडलीय?”

त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. रकाना कोरा ठेवला की दाखला हातात, फाटक उघडं. मग लिहिलं: कोरफडीचा रस, एक पेला, कुणालाही न विचारता. थांबे सात. रक्त.

बायकोने खांद्यावरून वाचलं. “उद्याच दवाखान्यात जाऊ,” एवढंच म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी ती ओळ दोनदा वाचली. “रसाचं लिहिलं नसतं तर गोळ्या लागू पडत नाहीत म्हणून मी औषध बदललं असतं. आणि काहीच लिहिलं नसतं तर दाखला दिला असता.”

“माहीत आहे.”

“मग?”

“गाडीत चाळीस माणसं असतात, बाई.”

त्यांनी तपासलं. बाटली बंद, जेवण तेच, आठ आठवडे पुन्हा पहिल्या दिवसापासून.

परतताना दोघं त्याच्याच मार्गाच्या गाडीत चढली. ड्रायव्हरमागच्या सीटवर तो वही मांडीवर घेऊन बसला. चढ आला, इंजिन धापा टाकू लागलं.

“इथे गाडी रोज दम सोडते, उस्ताद,” नवा ड्रायव्हर समोर बघतच म्हणाला. “काय चुकतंय?”

“चढ लागायच्या आधीच दुसरा गियर टाक.”

पुढच्या चढाला नव्या ड्रायव्हरने तसं केलं. गाडी चढली. मागच्या सीटवरचा हात गियरच्या उंचीपर्यंत गेला होता. बायकोने तो खाली घेतला आणि उतरेपर्यंत सोडला नाही.