मागच्या रांगेतले कूलर

शामला कूलरच्या पत्र्यावर स्टिकर चिकटवत होती. वरचा कोपरा धरायचा, तळहाताने दाबत खाली यायचं, मध्ये फुगा राहिला तर नखाने फोडायचा. ‘देवराव कूलर्स प्रायव्हेट लिमिटेड’. देवराव म्हणजे तिचे सासरे. वेळेवर गेले बिचारे, सुटले.

“सरळ लाव वं,” श्रीधर मागून ओरडला. “घाईत लावल्यासारखं दिसलं तं बँकेच्या मॅडमले समजते.”

“घाईतच तं लावून राहिली,” शामला म्हणाली.

नवऱ्याला टोमणा मारावा असं काही तिच्या मनात नव्हतं. तिच्या मनात काहीच नव्हतं. होळीपासून हे असंच चाललं होतं. भाजीत मीठ टाकायचं राहिलं तरी जेवून उठेपर्यंत तिला कळत नसे. श्रीधरने सांगावं आणि तिने करावं, एवढंच काय ते उरलं होतं.

मे महिन्यातलं नागपूर, त्यात जरीपटका वस्तीच्या मागचं हे टिनाच्या छपराचं गोदाम. आत माणूस उकडून निघत होता. भिंतीला लागून रांगेमागे रांग कूलर उभे होते. समोरच्या रांगेतल्या कूलरमध्ये मोटर, पंखा, पंप सगळं जागच्या जागी होतं. मागे मात्र नुसते पत्र्याचे डबे. बँकेची बाई समोरचे दोन-चार उघडून बघेल, मागचे नुसते नजरेखालून घालेल आणि गोदामात माल आहे असं लिहून जाईल, असा श्रीधरचा अंदाज. माल आहे म्हणजे धंदा चालू आहे, आणि धंदा चालू आहे म्हणजे कर्जफेडीला मुदत मागता येते.

कर्ज कोरोनातलं. कारखाने बंद पडू नयेत, कामगारांचे पगार निघावेत म्हणून सरकारने हमी घेऊन बँकांना द्यायला लावलेलं. ते मिळालं तेव्हा कूलरचा सीझन मातीत गेला होता आणि कामगार घरी बसून मालकाच्या फोनची वाट बघत होते. मालकाने फोन केलाच नाही. मालकाने प्रताप नगरात घर घेतलं. “धंद्यात टाकले असते तं बुडालेच असते, घर तरी राहिलं,” असं तो वास्तुशांतीच्या पंगतीत खुशाल सांगत फिरला होता. त्याची लाज त्याच्याजवळ! पण त्या पूजेला शामलाही नवा शालू नेसून पाटावर बसली होती. कंपनीची दुसरी डायरेक्टर तीच. सही कर म्हटलं की ती करायची, आणि कशावर करते आहे हे तिला दर वेळी ठाऊक असायचं. भोळीबिळी नव्हती ती.

“विचारलं तं काय सांगायचं?” श्रीधरने पुन्हा घोकून घेतलं.

“पगार वाटले.”

“कसे?”

“रोख वाटले.”

“बस. एवढ्यावर घर उभं आहे आपलं. तू चाचरली की गेलं.”

“नाही चाचरणार.”

आणि ती चाचरणार नव्हतीच. चाचरायला आधी काही वाटावं लागतं.

कारखाना चालू दिसायचा तर एखादा तरी कामगार दिसायला हवा, म्हणून श्रीधरने गोपिकाबाईला बोलावलं होतं. देवरावांच्या काळापासून ती इथे कूलरच्या जाळ्यांत गवत भरायची. लॉकडाऊननंतर तिला कोणी बोलावलं नाही. एका मेसमध्ये पोळ्या लाटून दिवस काढले बाईने. “मागचा पगार सगळा देतो” एवढ्या शब्दावर ती आली, तीही धुतलेलं लुगडं नेसून. आल्या आल्या कोपऱ्यात बसून गवत पिंजायला लागली, काल संध्याकाळीच घरी गेल्यासारखी.

“बाई, लय वाळल्या तुमी,” ती शामलाकडे बघत म्हणाली. “बरं नाही का?”

शामलाने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते तिचं तिलाच कळलं नाही. मात्र हातातलं स्टिकर वाकडं चिकटलं. हा प्रश्न तिला घरात कोणी विचारला नव्हता.

बँकेच्या चिन्मयी मॅडम दुपारी आल्या. वयाने तरुण, बोलायला शांत, बरोबर कोणी नाही. गोदामात पाऊल टाकताच त्यांनी रुमालाने मान पुसली.

आणि इथेच श्रीधरच्या घोड्याने पेंड खाल्ली. देवरावांनी कारखान्याला एक वळण लावून दिलं होतं. उन्हाळ्यात दारात कोणीही येवो, गिऱ्हाईक असो की लाइनमन, आधी गोदामातला एक नवा कूलर ओढायचा, पाणी भरायचं, त्याला हवेत बसवायचं आणि मग कामाचं बोलायचं. ‘आपल्या दारात घाम पुसला तं आपली इज्जत गेली’ म्हणायचे. श्रीधर त्यातच लहानाचा मोठा झाला होता. मॅडमचा रुमाल बघितला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं,

“गोपिकाबाई, मॅडमले कूलर लावा!”

बोलल्यावर त्याला भान आलं असावं. पण समोरची रांग तर धड होती, म्हणून त्याने बाईला थांबवलं नाही.

समोरच्या रांगेला गोपिकाबाई हात लावेल कशाला? ती विकायची, तिच्यावर ओरखडा नको. पाहुण्यासाठी कूलर काढायचा तो मागच्या रांगेतून, हीसुद्धा देवरावांचीच शिस्त. ती बाजूच्या फटीतून आत शिरली, पदर खोचला, पाय रोवले आणि नेहमीच्या अंदाजाने जोर लावून कूलर ओढला. तो इतका भसकन आला की बाई मागच्या मागे गवताच्या ढिगात जाऊन बसली, आणि कूलर तिच्या मांडीवर.

“अवो माय!” ती म्हणाली. “हे तं रिकामं हाय.”

कोणीच हसलं नाही. चिन्मयी मॅडमनी तिला हात देऊन उठवलं, बाईंना लागलं तर नाही ना ते विचारलं. मग त्या स्वतः फटीत गेल्या. आतून पत्र्यावर बोटाने वाजवल्याचा आवाज येत राहिला.

त्या बाहेर येईपर्यंत श्रीधरने चेहरा सावरला होता.

“मॅडम, हे माझ्याकडे नाही. मी मार्चमध्येच डायरेक्टरपद सोडलं. माझ्या जागी आई आहे, पण तिचं वय झालं. सगळं शामलाच पाहते.”

शामलाने त्याच्याकडे बघितलं. मार्चमध्ये. त्याही कागदावर तिचीच सही असणार, होळीनंतर न वाचता केलेली. तो सकाळपासून ‘आपलं घर’ म्हणत होता, आणि हे त्याने दोन महिन्यांआधीच करून ठेवलं होतं. तिला वाटलं, आता आपल्याला राग येईल. ती वाट बघत उभी राहिली. राग काही आला नाही, फक्त पाय दुखायला लागले. किती वेळची ती उभीच होती.

“शामलाताई,” चिन्मयी मॅडमनी विचारलं, “ते कर्ज पगारांसाठी होतं. पगार दिले होते?”

श्रीधर खाकरला. गोपिकाबाई लुगड्याला चिकटलेलं गवत काढत होती. तिने वर बघितलं नाही. मागचं सगळं मिळायचं होतं तिला, ती कशाला मध्ये पडेल?

“नाही दिले,” शामला म्हणाली.

“शामला!”

“यायले तं एक पैसाही नाही दिला.” तिने गोपिकाबाईकडे हात केला. आवाज चढला नाही, थरथरलाही नाही. “त्या पैशाचं घर घेतलं, प्रताप नगरात. ते माझ्या नावावर आहे.”

“तू काय बोलून राहिली, समजते का तुले? जेलात जाशील!”

“समजते.”

चिन्मयी मॅडमनी हातातला रुमाल पर्समध्ये ठेवला. मग म्हणाल्या, “ताई, हे तुम्हाला लिहून द्यावं लागेल. आज नको तर उद्या द्या, वकिलांना विचारून.”

“देतो लिहून,” शामला म्हणाली. “पण इथं काहून उकडत बसता? घरी चला, तिथंच बसून लिहितो. सगळ्या खोल्यांत एसी आहे आमच्याकडे.”

कूलरवाल्याच्या घरात एसी! श्रीधरने भिंतीकडे तोंड फिरवलं.

शामला दारापाशी गेली, चपला शोधल्या, एक पाय आत सरकवला आणि मागे वळली.

“गोपिकाबाई, तुमीबी चला.”

“मी? मी काहून, बाई?”

“घर पाहाले,” शामला म्हणाली. “तुमाले वास्तुशांतीले बोलावलं नव्हतं.”