पलंगावरची बाळंतीण

सोंग घ्यायचं तर नीट घ्यावं, म्हणून मोठी जाऊ सकाळीच पलंगावर आडवी झाली. कानांवरून फडकं बांधलं, बाळाला कुशीत घेतलं. खरी बाळंतीण, तिची धाकटी जाऊ, स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवून ओट्याला टेकली होती.

त्याला कारण होतं. या देशात राहायचा परवाना मोठीकडे होता, धाकटीकडे नव्हता. परवाना नसलेलं माणूस दवाखान्यात आलं की तिथल्या लोकांनी वर कळवायचं, असा नियम. धाकटीचा नवरा मोडलेला पाय घेऊन गेला, तो तिथूनच देशाबाहेर पाठवला गेला. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना. मग धाकटी मोठीच्या परवान्याच्या कार्डावर, तिच्या नावानं बाळंत झाली. कळांनी वाकलेल्या बाईचा चेहरा कोण फोटोशी ताडून बघतं? एका नावाच्या दोघी एका वॉर्डात दिसू नयेत म्हणून मोठी घरी बसली, आणि धाकटीनं एकटीनं सोसलं.

आज बाळंतिणीला तपासायला घरी येणारी दवाखान्याची नर्स मात्र फोटो बघणार होती.

"अगं, बस जरा," मोठी म्हणाली.

"बाळंतिणीनं हुकूम सोडू नयेत, जाऊबाई. पडून राहा." धाकटी हसली, पण तिचे दात वाजत होते. कालपासून अंग तापलं होतं. नर्सला ताप आहे म्हणून सांगायचं आणि औषध मागून घ्यायचं, असं दोघींचं ठरलं होतं.

नर्स आली. कार्ड बघितलं, चेहरा बघितला.

"काही त्रास?"

"ताप येतो," मोठी पाठ केल्यासारखं म्हणाली.

नर्सनं तिच्या काखेत थर्मामीटर ठेवला. तेव्हा कुठे मोठीच्या डोक्यात उजेड पडला. ताप एकीला आणि काख दुसरीची!

"ताप मुळीच नाही. औषध कशाला? तब्येत छान आहे, आई."

लग्नाला इतकी वर्षं झाली, तिला कुणी आई म्हटलं नव्हतं. मोठीला क्षणभर बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची लगेच किळस आली.

नर्सनं पोट दाबून पाहिलं. तिची बोटं थांबली. तेवढ्यात बाळ रडलं, आणि चहा घेऊन आलेल्या धाकटीचा झगा छातीवर ओला झाला. नर्सनं ते पाहिलं आणि पिशवी आवरायला घेतली.

"मला जे दिसतं ते कळवावं लागतं," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "म्हणून मी फार बघत नाही. बाळंतिणीचा ताप अंगावर काढू नये, एवढं सांगते."

तिनं चहाला हात लावला नाही.

दुपार कलली तशी धाकटी बरळू लागली. मोठीनं चपला घातल्या.

"नको, जाऊबाई. मी गेले तरी बाळ इथं राहील. कागदावर तुमचंच आहे."

"आणि त्याला पाजू काय, चहा? ऊठ."

दवाखान्याच्या खिडकीशी मोठीनं आपलं कार्ड ठेवलं. "हिला तपासा. आई ही आहे, मी नाही."

तपासलं. औषधं चढवली, ताप उतरला. शुद्धीवर आली तेव्हा धाकटीच्या पायथ्याशी खुर्चीवर गणवेशातला एक माणूस बसला होता. ती चालू लागली की तिला नेणार होते.

"आणि बाळ?" मोठीनं विचारलं.

"कागदावर आई तुम्ही. कार्ड दिल्याबद्दल तुमचं नंतर बघू. कागद दुरुस्त होईपर्यंत बाळ तुमच्याकडेच." तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "काळजी करू नका, बाई. आम्ही आईला मुलापासून तोडत नाही."

त्यांनी मोठीला बाहेर काढून दार लावलं. तिच्या हातात बाळ भुकेनं रडू लागलं, आणि दाराच्या काचेपलीकडे धाकटीचा झगा पुन्हा ओला झाला.