झोपलेला बुद्ध म्हणे!

आमच्या ह्यायले बोलता येत नाही, हे आधीच सांगून ठेवते. मुके नाहीत. पण दहा गोष्टी इचारा तवा एकीचं उत्तर भेटते. म्हणून त्यायच्या वाट्याचंबी मलेच बोला लागते. लोक म्हणतात, श्रावणची दुर्गा भल्ली तोंडाळ. म्हणू द्या! देवानं तोंड देलं ते... चुकली, देव आमी छप्पन सालीच सोडले. मायनं तोंड देलं ते काही शिवून ठेवाले नाही देलं.

हे पहिले गवंडी. घर आमचं अमरावतीले, पण काम अकोल्याले एका ठेकेदाराकडं. सेठ लोकायच्या बंगल्यायच्या माथ्यावर सिमेंटचे सिंह अन् मोर बसवाचं काम ह्यायच्याकडं. परांचीवर चढून मोराची चोच केली का लगेच खाली उतराचे, रस्त्याच्या पलीकडं जाऊन उकिडवे बसाचे अन् वर पाहाचे. पुन्हा चढाचे. ठेकेदार बोंबलाचा, "अबे, मोर करून राहिला का माकडासारखा चढउतर करून राहिला?" हे एवढंच म्हणत, "वरून पाह्यलेलं खोटं. ज्याले पाहाचं हाये तो खालून पाहते."

माहं माहेर दर्यापूरच्या पलीकडं. दीक्षा घेतली तवा गावच्या आमच्या लोकायनं घरोघरचे देव टोपलीत भरून पूर्णेत सोडले. देव्हारे रिकामे झाले. मंग अठ्ठावन साली माहे काका, उत्तमराव, अमरावतीले आमच्या घरी आले. गावात पहिल्यांदा बुद्ध बसवाचा, येत्या वैशाख पौर्णिमेले. काका म्हणाले, "जवाईबापू, बाहेरून आणला तर तो इकतचा. घरच्यानं केला पाहिजे."

ह्यायनं हाव म्हटलं अन् अकोल्याचं काम सोडून देलं. बुद्धाची मूर्ती कधी डोळ्यानं पाह्यली नव्हती, नुसतं क्यालेंडरवरचं चित्र. मी म्हटलं, "अजी, याड लागलं का?" तर म्हणाले, "दुर्गे, हे जमलं तर मी मूर्ती करीन. नाही जमलं तर जल्मभर गवंड्याची करनी-थापी. पुन्हा मूर्तीचं नाव नाही काढणार." एवढं लांब हे लग्नातबी बोलले नव्हते. हा माणूस मोर करताना जेवढा सुखी दिसे, तेवढा मी त्याले कधी पाह्यला नव्हता, अन् ते सुख जावं असं मले मुळीच वाटत नव्हतं.

अंगणात टिनाच्या शेडखाली काम सुरू झालं. आधी इटायचा छातीएवढा ओटा बांधला, त्याच्यावर सळाखी, तार, मंग सिमेंट. पहिलं तोंड झालं तर मी म्हटलं, "हा तर फौजदार दिसते." फोडलं. दुसरं झालं. मी म्हटलं, "हा अकोल्याचा सेठ. दुपारचं जेवून बसला." हे चिडले, पण तेबी फोडलं. मंग मले शेडकडं पाहाचीच मनाई. हे डोक्याच्या वर हात करून पापणीवर करनीचं टोक फिरवत, खाली येऊन मातीत बसत, वर पाहत, पुन्हा उठत. एक दिवस मी चुलीपुढं भाकर थापून राहिली होती. सहज मान वर केली, तर तो बुद्ध मलेच पाहून राहिला होता. असा पाहत होता का जसं त्याले माहं सारं माहीत हाये, अन् तरी त्याचा राग नाही. मी रडली. खोटं काहून बोलू?

मूर्ती ट्रकवर दर्यापूरपर्यंत नेली, तिथून बंडीत भुसा-कुटाराची गादी करून गावाले. हे सारा रस्ता मूर्तीले धरून पायी चालले. मी बंडीत ऐटीत बसली होती. माहेरी चालली, अन् नवऱ्यानं केलेला बुद्ध घेऊन चालली! कोणती पोरगी अशी माहेरी गेली असंन?

गावच्या पोट्ट्यायनं निंबाखाली चौथरा बांधला होता, गुडघ्याएवढा, चुन्यानं पांढराफेक. लोकायनं दोर लावून मूर्ती चढवली. आजूबाजूच्या गावचेबी पाहुणे आले होते. काकायनं कपडा ओढला.

सारे पुढं सरकले.

मी वाट पाहून राहिली, आता कोणी 'वा' म्हणंन, आता म्हणंन. मंग मागून एक बाई बोलली, "अवं माय, हा तर झोपला!"

सारे मूर्तीच्या तोंडापुढं उभे होते अन् वरून खाली पाहून राहिले होते. आता आमच्या लोकायले देव म्हटलं का कसा माहीत? शेंदूर फासलेला अन् वर चांदीचे डोळे, हे वटारलेले! घरात कुठंबी जा, तो पाहतेच. काकायनं फेटा सारखा केला. म्हणाले, "जवाईबापू, राग नका मानू. हात तुमचा सोन्याचा हाये. पण आमच्या पिढ्या झोपेत गेल्या. आता कुठं जागे झालो, अन् पोरायपुढं ठेवाले झोपलेला बुद्ध? हे नाही चालणार."

माह्या अंगाची लाहीलाही झाली. तोंड उघडलंच होतं मी, तेवढ्यात मूर्तीकडं पाह्यलं. अन् काय सांगू, खरंच डोळे मिटलेले! घरी तर हा मले पाहत होता. बंडीच्या धक्क्यानं पोटातलं पाणी हालते, पण सिमेंटचे डोळे कसे मिटतीन? मले काही समजेचना. ह्यायचं तोंड काळं पडलं होतं. तेबी उभ्यानं पाहून राहिले होते, जसं कोण्या दुसऱ्यानंच केलं असंन. मंग हळूच म्हणाले, "दुर्गे, पिशवीतली छन्नी दे."

"काहून?"

"डोळे उघडतो."

मले रडू आलं. वाळलेलं सिमेंट ते. एक टवका इकडचा तिकडं गेला का तोंड गेलं, अन् तोंड गेलं का हा माणूस गेला. पण साऱ्या माहेरच्या लोकायपुढं काय बोलू? मी चौथऱ्यापाशी फतकल मांडली, पिशवी मांडीवर घेतली अन् छन्नी शोधाले लागली. करनी हाती आली, ओळंबा हाती आला, छन्नी काही भेटेना. भेटली तवा ती द्यासाठी मी मान वर केली.

तो पाहून राहिला होता. मलेच.

मी छन्नी पदराखाली घातली अन् ओरडली, "कोणी हात लावाचा नाही! बसा सारे! खाली बसा!"

"काय झालं वं?" काका म्हणाले.

"काका, हा खालून पाहाचा हाये. बसा म्हणजे दिसंन. ह्यायनं ओट्यावर ठेवून केला अन् जमिनीवर बसून पाह्यला. तुमचा चौथरा गुडघ्याएवढा. चुकलं कोणाचंच नाही, चौथरा केवढा हे कोणी इचारलंच नाही!"

पण काका बसेनात. त्यायचं तोंड कठीण झालं. म्हणाले, "पोरी, बसणं लय झालं. पाटलाच्या ओसरीखाली बसलो, चावडीपुढं बसलो. माहा बाप बसूनच मेला. आता आमी कोणापुढं खाली बसत नाही. बुद्धापुढंबी नाही."

अन् काका खरंच बोलून राहिले होते.

आमच्या वस्तीतली साऱ्यात म्हातारी भागीरथाबुढी निंबाच्या बुडाशी बसली होती. गुडघे गेलेले, तिले उभं राहणं जमतच नव्हतं. ती बसल्या बसल्या सरकत माह्यापाशी आली, डोळ्यावर हात धरून वर पाह्यलं. पाहतच राह्यली. मंग म्हणाली, "उत्तम, हा जागा हाये रे. जल्मभर देवळाच्या बाहेर बसली मी. सारे देव माह्या डोक्यावरून पाहत. हा पहिला हाये, ज्यानं खाली पाह्यलं." अन् बुढी लहान पोरीसारखी रडाले लागली.

काकायनं फेटा काढून हातात घेतला अन् तिच्या बाजूले बसले. वर पाह्यलं. आमी सारे त्यायच्या तोंडाकडं पाहून राहिलो.

काका उठले, धोतर झटकलं. "पाह्यलं," म्हणाले, "जागाच हाये. पण माह्या पोरायनं ह्याले उभ्यानं पाह्यलं पाहिजे. जवाईबापू, चौथरा केवढा लागते?"

ह्यायनं तोंडानं नाही सांगितलं. हात आपल्या छातीपाशी नेला.

"मंग वाढवा रे!" काका गरजले. "इटा आणा!"

अन् मंग काय धावपळ, बाप्पा! मूर्ती पुन्हा दोरानं उतरवली. कोणी इटा आणून राहिलं, कोणी पाणी, बाया घमेले घेऊन धावून राहिल्या. पोट्टे एकमेकायच्या पायावर इटा पाडून शिव्या देऊन राहिले. हे सवयीनं करनी घेऊन बसले अन् पहिला थर लावाले लागले. काकायनं त्यायच्या हातातून करनी काढून घेतली. म्हणाले, "द्या इकडं. गवंडी गावात ढीगभर हायेत. मूर्तिकार एकच हाये. तुमी तिकडं जाऊन उभे राहा अन् सांगा, नीट दिसते का." मोर्शीकडचा एक पाहुणा लगेच ह्यायच्या मागं लागला, आमच्याबी गावाले पाहिजे म्हणून. मी मधात पडून सांगितलं, आधी चौथऱ्याचं माप धाडा, मंग बोलू.

दिवस मावळता मूर्ती चढली. लोक पुढं येऊन राहिले, ताठ उभे राहून राहिले, अन् ज्याच्या त्याच्याकडं तो पाहून राहिला. भागीरथाबुढी म्हणाली, "मलेबी उभी करा." काका म्हणाले, "राहू दे, तुले बसूनबी दिसते." बुढी अशी खेकसली का बस! "बसून पाह्यलं मी. आता उभं राहून पाहाचं हाये."

एका बाजूनं मी धरली, एका बाजूनं ह्यायनं. तिनं कंबर ताठ केली, मान उचलली, अन् बुढी उभी राहिली.